जागलीचा नेम

दत्तोबाकाकांनी महालक्ष्म्यांचे मुखवटे अकोल्यापासून पुण्यापर्यंत मांडीवरून खाली ठेवले नव्हते. गाडीत शेजारच्याने डबा वर फळीवर ठेवायला सुचवलं, तेव्हा बायामाणसांना फळीवर टाकत नसतात, असं त्याला त्यांनी म्हणे सुनावलं. नारायण पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर ते पोचले तेव्हा धोतर चुरगळलेलं होतं, एक डोळा जागरणाने लाल होता आणि दुसरा नेहमीसारखा मिटलेला. दार रंगनाथरावांनी उघडलं. सख्खे भाऊ, पण मधे इतकी वर्षं गेली होती की धाकट्याने वाकायचं की थोरल्याने मिठी मारायची, हे दोघांनाही सुचेना. शेवटी रंगनाथरावांच्या पत्नी गोदाबाईंनी दोघांच्या मधून हात घातला आणि डबा आत घेतला.

हे मुखवटे गावची वेस ओलांडून कधी गेलेच नव्हते. दर भाद्रपदात दर्यापूरजवळच्या त्या घरात महालक्ष्म्या बसायच्या आणि पुण्याहून रंगनाथरावांच्या नावाने त्यांच्यासाठी दोन साड्या जायच्या, माणूस जायचं नाही. या वर्षी मात्र नात दवाखान्यात पडल्याचं कळलं आणि दत्तोबाकाकांनी गावाकडे नवस बोलून टाकला, की पोरगी धड घरी आली तर देवीलाच तिच्या दारात नेऊन बसवीन. पोरगी धड घरी आली होती. नऊ वर्षांची राजनंदिनी दारामागून या एकाक्ष आजोबांकडे टक लावून पाहत होती आणि तिची आई, रंगनाथरावांची सून कल्याणी, का कोण जाणे, त्यांना पाहताक्षणी मनातून हलकी झाली.

कारण साधं होतं. भेटायला आलेल्या प्रत्येकाने गेल्या महिन्यात पहिला प्रश्न एकच विचारला होता: हिच्या आईकडे कोणाला शुगर आहे का? होती. कल्याणीच्या वडिलांना साठीत लागली होती. तो आजार वेगळा, हा वेगळा, असं ती सांगायची आणि लोक समजूतदारपणे मान हलवून विषय बदलायचे. काकांनी आल्या आल्या विचारलं ते एवढंच, की पोरीले आता भूक लागते का नीट.

नणंद भाग्यश्रीताई मात्र समजूतदारपणाच्या भानगडीत कधीच पडली नव्हती. कोथरूडहून आदल्या दिवशीच ती पदर खोचून आली आणि भाज्या निवडता निवडता तिने आईशी बोलायचं निमित्त करून कल्याणीला ऐकवलं, ‘‘दोन हजार साल येतंय म्हणून जगभरची कॉम्प्युटरं वाचवायला निघालो होतो आपण. घरात मूल सुकत होतं तेवढं दिसलं नाही.’’

कल्याणीने पुढची जुडी ओढली. कंपनीत तारखांच्या दुरुस्तीचं काम अंगावर आलं होतं हे खरं. पोर माठाला तोंड लावून पाणी पीत होती, अंथरूण ओलं करत होती, आणि एवढी मोठी घोडी झालीस, असं आपण तिला सकाळी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, हेही खरं. त्यानंतर आठवड्याभरात पोर धापा टाकायला लागली, श्वासाला पिकून उतरलेल्या फळाचा वास यायला लागला आणि शुद्ध हरपली. आणखी उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. कल्याणी फ्रिज उघडला की दाराच्या कप्प्यातल्या त्या इन्सुलिनच्या बोटभर बाटलीला मनातल्या मनात हात जोडायची. एकदा तिला बाटलीच्या खोक्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं दिसलं. गोदाबाईंनी कोणाला न सांगता लावलं होतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळी दत्तोबाकाका गॅलरीत केळीची पानं पुसत बसले होते. कल्याणी चहा घेऊन गेली, तर त्यांनी तिला बसवून घेतलं.

‘‘हा रोग कायचा हाये, सूनबाई? मले नीट सांग. सारे म्हनतात लई गोड खाल्लं म्हनून झाला. मले नाई पटत. गोड तं आमीबी खाल्लं.’’

महिनाभरात असं विचारणारं हे पहिलंच माणूस. डॉक्टरीणबाईंनी आपल्याला समजावलं होतं तसंच कल्याणी सांगत गेली. गोडाने होत नाही हा. आपल्या अंगात राखणदार असतात. ताप-खोकल्याचे जंतू बाहेरून शिरले की ते त्यांना गाठून मारतात. आणि पोटात स्वादुपिंड म्हणून असतं, त्यात इन्सुलिन करणाऱ्या थोड्या पेशी असतात. खाल्लेली साखर अंगी लागायला ते इन्सुलिन हवंच. नंदिनीच्या राखणदारांनी त्या पेशींनाच चोर समजून मारलं. तेही एका दिवसात नाही, कितीतरी महिने, आतल्या आत. लक्षणं दिसली तोवर फार थोड्या उरल्या होत्या. म्हणून आता ते इन्सुलिन बाहेरून, सुईने द्यायचं.

‘‘घरच्याइले मारलं?’’ काकांचा हात पानावर थांबला.

‘‘घरच्यांनाच. आणि का, ते अजून जगात कोणाला पुरतं कळलेलं नाही. काहींचा कल जन्मतःच तसा असतो म्हणाल्या. मग एखादा साधा ताप, गालफुगी असं काहीतरी निमित्त होत असावं. पण राखणदार फितूर नसतात, काका. त्यांना फक्त ओळख पटत नाही.’’

‘‘मंग त्याइले हाक नाई देत कोनी? घरचा हाये म्हनून?’’

कल्याणीने हो-नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तिची नजर आत गेली. आपण कोणासमोर काय बोलून बसलो, ते तिला आत्ता कळलं. दाराच्या आत, अवघ्या चार हातांवर रंगनाथराव पेपर धरून बसले होते आणि मघापासून त्यांनी पान उलटलं नव्हतं.

ती गोष्ट घरात कोणी बोलत नसे. लग्नानंतर एकदाच गोदाबाईंनी तिला सांगितली होती. ज्वारी हुरड्याला आली की रानडुकरांपासून पीक राखायला रात्री माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर बसायचं, त्याला तिकडे जागल म्हणतात. जागलीवरच्या माणसाकडे गोफण असायची आणि एक पक्का नियम असायचा. रात्री शेतात येणाऱ्याने धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच हाक द्यायची, ‘घरचा हाये’. वरून ‘ये’ म्हटलं की मगच पुढे पाऊल टाकायचं. अठरा-एकोणीस वर्षांचा रंगनाथ जागलीवर होता. अंधारात ज्वारीची ताटं हलली, हाक आली नाही आणि त्याने गोफण फिरवली. डुक्कर नव्हतं. भावासाठी भाकर घेऊन आलेला दत्तू होता. डोळा गेला तो गेलाच. पुढल्या महिन्यात रंगनाथ पुण्याला कारखान्यात लागला, कसब्यात एका खोलीत राहिला, आणि गावाकडे म्हणून पुन्हा पाऊल टाकलं नाही. मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव दत्तप्रसाद ठेवलं, एवढीच काय ती त्याने भावाला घातलेली हाक. त्या रात्रीनंतर रंगनाथरावांनी कुत्र्याला हाकलायलाही कधी दगड उचलला नव्हता. नातीला सुई द्यायची वेळ झाली की ते मुकाट्याने चप्पल घालून खाली जात.

काकांनी चहा संपवला, कपबशी खाली ठेवली आणि पुन्हा पान पुसायला घेतलं. कल्याणी रिकामी कपबशी घेऊन उठली.

साडेबाराला नैवेद्य दाखवायचा असं भाग्यश्रीताईने जाहीर केलं होतं, आणि ताईने एकदा वेळ सांगितली की घड्याळं तिच्याकडे पाहून लावावीत. त्या भरवशावर कल्याणीने बाराला नंदिनीला इन्सुलिन दिलं. सुई टोचल्यावर अर्ध्या तासात जेवण पोटात जायलाच हवं, हे तिने सगळ्यांना दोनदा सांगून ठेवलं होतं. नैवेद्याआधी घरात कोणी घास खायचा नाही हा महालक्ष्म्यांचा नियम, आणि साडेबाराची वेळ दोन्हीकडे बसत होती.

ताटं वाढायला घेतली आणि ताईने भाज्या मोजल्या. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात. भरल्या पंधरा. पडवळ राहिलं होतं. गावाकडून देवी पहिल्यांदा आली आणि तिला पंधरा भाज्यांवर बोळवायची, हे ताईला काही केल्या मान्य होईना. दत्तप्रसादला मंडईत पिटाळलं. गणपतीतली मंडई, रस्त्यावर मंडप, त्यात तो गेला तो गेलाच. कल्याणीने दोनदा घड्याळाकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा सासूकडे. गोदाबाई म्हणाल्या, येईलच गं तो, पाच मिनिटं. ताई म्हणाली, पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय. देवीच्या दिवशी काकांदेखत वाद नको म्हणून कल्याणी गप्प बसली. हे गप्प बसणं तिला नंतर फार दिवस आठवणार होतं.

मुखवट्यांसमोर बसून नंदिनी रांगोळीत बोट फिरवत होती. तिने एकदम सगळी रांगोळी तळव्याने पुसून टाकली आणि कारण नसताना हसायला लागली. कपाळावर घामाचे मणी आले होते आणि हात थरथरत होता. कल्याणीने ओळखलं. साखर उतरली होती. अशा वेळी लगेच तोंडात गोड गेलं नाही तर पोर पुन्हा बेशुद्ध होईल. ग्लुकोजच्या पावडरीचा डबा स्वयंपाकघरात फडताळाच्या खालच्या कप्प्यात असतो. ती धावली. कप्पा धुऊन पुसून कोरडा होता.

‘‘आई, ग्लुकोजचा डबा?’’

गोदाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. काल स्वयंपाकघर देवीसाठी धुऊन काढताना उघडलेलं, चमचा बुडालेलं असं सगळं त्यांनी खरकटं म्हणून शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवलं होतं. कुंकू लावलेली बाटली तेवढी देवाची, म्हणून राहू दिली होती. शेजारी कुलूप लावून गणपती पाहायला गेले होते.

साखरेच्या डब्याकडे वळावं तर त्याच्यासमोर सोवळ्यातली ताई उभी होती. कल्याणी तिला बाजूला सारणार, एवढ्यात बाहेरून दत्तोबाकाकांचा आवाज आला, अगदी शांत.

‘‘चाव. असं. आता चोख. बस, आनखी घे.’’

ते नंदिनीला मांडीवर घेऊन बसले होते. देवीपुढल्या विड्यावर ठेवलेला गुळाचा खडा त्यांनी उचलून फोडला होता आणि एकेक तुकडा तिच्या तोंडात देत होते. थोरल्या महालक्ष्मीपुढचा संपला, तेव्हा धाकटीपुढचा घेतला. कल्याणी जमिनीवरच बसली आणि लेकीचे दोन्ही पाय हातात धरून राहिली. पंचामृताची वाटीही कोणीतरी पुढे सरकवली. ती गोदाबाईंनी सरकवली होती.

हळूहळू घाम सुकला. नंदिनीने सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, रांगोळी कोणी पुसली. तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडले.

भाग्यश्रीताई दारातच उभी होती. ती घाबरली होती, आणि घाबरलं की ती भांडायची, हे लहानपणापासूनचं. देवीपुढचं नैवेद्याआधी उचललं, हे बरं झालं नाही, असं ती म्हणाली. आणि तेवढ्यावर न थांबता पुढे म्हणाली, ‘‘आमच्या घराण्यात हे दुखणं कधी नव्हतं.’’

‘‘होतं,’’ दत्तोबाकाका म्हणाले.

मांडीवरच्या पोरीच्या केसांतून हात फिरवत ते बोलत राहिले. आनंदी त्यांची बहीण, दोघा भावांच्या मधली. सात वर्षांची होती. रांजणाशी बसून तांब्यावर तांबे पाणी प्यायची. लघवीला बसायची तिथं मुंग्या लागायच्या, आणि सगळे हसायचे. बघता बघता काडी झाली. शेवटी जोरजोरात श्वास ओढायची आणि तोंडाला पिकल्या जांबाचा, पेरूचा वास यायचा. गावाने म्हटलं बाहेरचं लागलं. आणि आणखी एक म्हटलं.

‘‘म्हने मायनंच पोरीले उपाशी मारलं. पोरं धड हायेत न पोरगी कशी सुकली? मरेपर्यंत माय ते आयकत होती. तवा ही बाटली असती, तं आमची आनंदी आज या पाटावर सवाष्ण म्हनून बसली असती.’’ मग त्यांनी आपला एक डोळा पुतणीवर रोखला. ‘‘त्या मायले कोनी म्हनलं नाई का तुयी चूक नाई. इले तरी म्हन, भाग्या.’’

कल्याणी रडली. महिनाभर दवाखान्यात, ऑफिसात, बसमध्ये जे आत दाबून ठेवलं होतं ते सगळं देवीसमोर वाहून गेलं. आनंदीचा आजार आणि नंदिनीचा एकच का, हे डॉक्टर आज छातीठोक सांगणार नाहीत, असंही ती रडता रडता प्रामाणिकपणे म्हणाली. ताईने पदराला हात पुसले, मग पुन्हा पुसले, आणि तिच्याशेजारी फतकल मारून बसली. सोवळं मोडलं, हे तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

रंगनाथराव खुर्चीतून उठले होते. त्यांच्या हातातला पेपर कधीच गळून पडला होता. पुण्यात आयुष्य गेलेला हा माणूस शुद्ध, बेताचं आणि कमी बोलायचा. तसंच म्हणाले, ‘‘दत्तू, मी तुझी हाक ऐकली नाही रे. रोज रात्री आठवून पाहतो. ऐकू आलीच नाही.’’

‘‘देल्लीच नव्हती, दादा.’’

दत्तोबाकाकांनी पोरीला मांडीवर नीट सावरून घेतलं.

‘‘मायनं तुयासाठी भाकरीसंगं गूळ देल्ला होता. वाटेत म्याच तोंडात कोंबला. धुऱ्यावर आलो तं तोंड भरलेलं. हाक काय देऊ? म्हनलं, गिळून घेतो न देतो.’’ काकांनी धोतराच्या सोग्याने चांगला डोळा पुसला. ‘‘तू शेत राखत होता. मी बोललो नाई. तुले कसं कळावं घरचा हाये म्हनून? तुले सांगाले म्या चिठ्ठ्या नाई धाडल्या, लाज वाटे. गुळासाठी डोळा गेला, हे कोनाले सांगू?’’

रंगनाथराव भावाजवळ आले आणि खाली बसले. पोरगी दोघा म्हाताऱ्यांच्या मधे आली. नंदिनीने तेवढ्यात जागल म्हणजे काय, माळा किती उंच असतो आणि डुक्कर चावतं का, हे सगळं विचारून घेतलं.

दत्तप्रसाद पडवळ घेऊन आला तेव्हा त्याला घरात एकाचेही डोळे कोरडे दिसेनात. काय झालं, असं विचारलं तर ताई म्हणाली, काही नाही, पडवळाची वाट पाहत होतो. नैवेद्य झाला. पंगत बसली. ताईने पहिलं ताट नंदिनीला वाढलं, दुसरं कल्याणीला, आणि पोळीचं भांडं हातात धरून विचारलं, ‘‘अर्धी की पाऊण? तुझ्या त्या कॉम्प्युटरला विचारून सांग.’’ तिच्या जिभेवर याहून गोड काही कधी आलं नव्हतं. कल्याणीने हसून नंदिनीसाठी अर्धी घेतली, मग स्वतःसाठी एक अख्खी मागून घेतली. महिनाभरात तिला पहिल्यांदा भूक लागली होती.

संध्याकाळी दिवे लागले. रात्रीच्या जेवणाआधीची सुई द्यायची वेळ झाली. गोदाबाईंनी फ्रिजमधून कुंकवाचं खोकं काढून दिलं. कल्याणीने औषध भरलं, बुडबुडा काढला. सवयीने तिने दाराकडे पाहिलं. चपला जागच्या जागी होत्या. रंगनाथराव पलंगाच्या कडेला बसले होते.

‘‘आज आजोबा देतील,’’ नंदिनीने जाहीर केलं.

रंगनाथरावांनी हात मागे घेतला. माझा हात कापतो, असं ते म्हणाले. मी कोणावर काही उगारत नाही, पोरी.

भिंतीला टेकून दत्तोबाकाका सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, ‘‘दे, दादा. अंधारातबी नेम चुकला नव्हता तुया. आता तं लाईट हाये.’’

क्षणभर कोणाला हसावं की नाही कळेना. मग रंगनाथरावच हसले, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, आणि इतक्या वर्षांत गोदाबाईंनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. कल्याणीने त्यांच्या बोटांत सिरिंज धरवली, नंदिनीच्या दंडावरची चिमूट कशी धरायची ते दाखवलं आणि आपला हात त्यांच्या हाताखाली ठेवला. त्याची गरज पडली नाही.

सुई टेकवण्याआधी ते थांबले. नातीकडे वाकले आणि पुण्यात कोणी कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं अशा बोलीत, हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘घरचा हाये.’’

नंदिनीने डोळे घट्ट मिटून घेतले होते. दुपारी सगळं ऐकलं होतं तिने.

‘‘ये,’’ ती म्हणाली.